बामणोलीच्या बोटीवर शिकाऊ हेल्पर म्हणून राहिलो, त्याचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

साडेतीन स्टार देतोय पाचपैकी. शिकवण्याला साडेचार, जेवणाला चार, पैशाला दोन आणि कागदपत्राला शून्य. सरासरी काढायला बसू नका, जुळणार नाही, मी शिकवणं जड धरलंय. बोट क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनानं चांगली आहेत, उगं कुणाच्या पोटावर पाय नको. शिवाय बामणोली काय, तापोळा काय (दोन्ही सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयाकाठची बोटींची गावं), मी हिंडून बघितलं तेवढ्यात सगळीकडं कामाची पद्धत थोड्याफार फरकानं हीच, त्यामुळं नावावाचून तुमचं काही अडणार नाही.

आधी हे नेमकं काय आहे ते सांगतो, कारण मला विचारणाऱ्या निम्म्या पोरांना वाटतंय तिथं कोर्स आहे. कोर्स-बिर्स काही नाही. फी नाही, अॅडमिशन नाही, युनिफॉर्म नाही. कोयना धरणाचा जो शिवसागर जलाशय आहे त्यात वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या ट्रेकरच्या आणि नुसतं फिरायला येणाऱ्या पब्लिकच्या बोटी चालतात, बोटीवर एक ड्रायव्हर आणि एक हेल्पर, आणि त्या हेल्परच्या हाताखाली अजून एक पोरगं चालत असेल तर ते तुम्ही. इतकंच. ओळख लागते, नाहीतर सरळ जाऊन विचारायची तयारी लागते. मी सरळ जाऊन विचारलं, दोन ठिकाणी नको म्हणले, तिसऱ्या ठिकाणी तात्यांनी (ड्रायव्हर, सगळं बामणोली त्यांना तात्याच म्हणतं) वर-खाली बघितलं आणि म्हणले "सांगलीचा? मग तुला पाणी माहिती असंल, पण वाहतं. हितलं पाणी उभं असतंय, ते येगळं."

मी का गेलो ते पण थोडक्यात. पलूस तालुक्यातला आहे मी, कृष्णाकाठचा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी हे आमच्याकडं पोराला शाळेआधी पाठ होतं, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. त्याच पुरात आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसं गेली ते सगळ्यांना माहिती आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. त्यानंतर आमच्या गावाला बोट मिळाली. बोट आली, मोटर आली, लाइफ जॅकेटं आली, चालवणार कोण ते कुणी विचारलं नाही. पावसाळा आला की एखादा धाडसी गडी मोटरची दोरी ओढून बघायचा आणि सुरू झाली की गाव टाळ्या वाजवायचं, झालं ट्रेनिंग. म्हणून म्हणलं कुणाच्या तरी हाताखाली रीतसर राहावं. दिवाळीनंतर गेलो आणि मिरगाच्या तोंडावर परत आलो.

पहिल्या दिवशी पोहायला लावतात, अंगावरच्या कपड्यानिशी. नदीत पोहणाऱ्याला वाटतं हे काय अवघड, पण जलाशयाचं पाणी थंडीत गार असतं आणि काठापासून चार हात गेलं की खाली पायाला काही लागत नाही, भिजलेली जीन्स ओढते ते वेगळंच. ड्रायव्हर तुमची स्टाइल बघत नाही, तुम्ही घाबरल्यावर काय करता ते बघतो. एक पोरगं माझ्याबरोबर आलं होतं, पोहायला माझ्यापेक्षा भारी, पण बोटीला धरायला आलं ते थेट मागनं, पंख्याच्या बाजूनं. इंजिन बंद होतं, पण त्याला लगेच बाहेर घेतलं आणि तो दिवसभर काठावर बसून राहिला. बोटीजवळ पाण्यातनं यायचं तर कुशीनं यायचं, मागनं कधीच नाही. पंखा म्हणजे प्रोपेलर, सगळे पंखाच म्हणतात.

त्यानंतर वाटलं आता स्टेअरिंग. कुठलं स्टेअरिंग! दोर. नुसता दोर, बरेच दिवस. बोट काठाला लागताना दोर घेऊन उडी मारायची नाही, बोट टेकल्यावर पाऊल टाकायचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कितीही घाई असू दे, कारण बोटीत माणसं भरलेली असताना ती ओढली तर तुमचं मनगट थांबवू शकत नाही. बोट आणि धक्क्याच्या मधी हात-पाय घालायचा नाही, बोट आदळणार असेल तर आदळू दे, पत्रा सरळ करता येतो. खुंट्याला दोन वेढे आणि दोन अर्ध्या गाठी, त्यात काय एवढं असं वाटतं, पण ती गाठ ताण असताना पण सोडता येते आणि त्यातच सगळं आहे. दुसरी एक न सरकणाऱ्या फासाची गाठ शिकवतात, पाण्यातल्या माणसाच्या काखेखालनं टाकायची, ती ओढली तरी आवळत नाही, इंग्लिशमधी तिला बोलाइन म्हणतात. तात्या रात्री लाइट गेल्यावर अंधारात बांधायला लावायचे आणि स्वतः विडी ओढत बसायचे. वैताग यायचा खरं सांगायचं तर. आता हात आपोआप बांधतो.

आता मुख्य मुद्दा, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर याच्यासाठी लिहितोय. कुठल्या महिन्यात जायचं. सगळी पोरं नोव्हेंबर-डिसेंबरात जायला बघतात, गर्दी असते, टिप मिळते, हवा मस्त, रील पडतात. पैशासाठी जायचं असेल तर तेव्हाच जा. पण शिकायला जायचं असेल तर एप्रिल-मे पकडा. कारण सांगतो. कोयना धरण भरल्यावर १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास पाणी असतं, त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पश्चिमेकडं पोफळी-चिपळूणच्या अंगाला वीज करायला डोंगरातनं जातं, राहिलेल्यातनं पूर्वेला नदीत सोडतात ते आपल्याकडच्या ताकारी-टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना लागतं. म्हणजे पावसाळा संपल्यापासनं पाणी खाली खालीच जात राहतं. दिवाळीत जिथं बोट लावली तिथं मे महिन्यात ढेकळं असतात आणि पाणी पार खाली, उतार उतरून गाळात फळ्या टाकून माणसं चढवावी लागतात. धक्का नावाची गोष्टच राहत नाही, रोज सकाळी काठ नवा. रोज बघायचं, कुठं दगड वर आलाय, कुठं गाळ आहे, खुंटा कुठं ठोकायचा, फळी किती तिरकी बसते, म्हातारी बाई त्यावरनं चालंल का.

आणि पाण्याखालचं वर येतं. हे धरण १९६० च्या दशकात भरलं तेव्हा खालची गावं, शेतं, झाडं सगळी पाण्यात गेली, तात्यांच्या घरच्यांची जमीन पण. उन्हाळ्यात त्या झाडांचे बुंधे आणि घरांची जोती पाण्याच्या वितभर खाली येऊन थांबतात, दिसत नाहीत आणि पंख्याला लागतात. तात्या त्यातनं बोट नेताना "हिकडं आंबा होता, थोडं उजवीला घे" असं सांगायचे. मोबाइलमधी नकाशा आहे म्हणून त्यांना दाखवला तर त्यात नुसता निळा रंग. मग मी त्यांच्याकडनं ऐकून वहीत काढायला लागलो, दोन डोंगरांची टोकं एका रेषेत आली की बुंधा तिथं, देवळाचं झाड आणि घळ जुळली की खडक. समुद्रावरचे लोक पण किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवूनच चालतात, हे मला मागनं कळलं. डिसेंबरातलं पोरगं हे शिकूच शकत नाही कारण तेव्हा सगळं खोल असतं, कुठनं पण न्या. माझ्याआधी तिथं दोन सीझन केलेला एक जण मे महिन्यात आला आणि पहिल्याच फेरीत पंख्याचं पातं वाकवून बसला, दोन सीझन म्हणजे दोन डिसेंबर केले होते त्यानं.

पब्लिक सांभाळणं हा दुसरा अर्धा भाग, आणि खरं तर हेल्परचं काम हेच. ड्रायव्हर बोट चालवतो, हेल्पर वजन चालवतो. चढताना एक एक, मधल्या रांगेत आधी, जड माणसं मधी, मग दोन्ही बाजूला सारखी, पुढच्या टोकाला कुणी बसायचं नाही, सॅका पायाशी. बोटीवर किती माणसं घ्यायची तो आकडा लिहिलेला असतो आणि त्यावर रोज भांडण, रोज. "अहो दादा दोनच माणसं जास्त आहेत, बारीक आहेत." तात्या अशा वेळी भांडत नाहीत, किल्ली काढून खिशात टाकतात आणि काठावर जाऊन बसतात. ग्रुप आपोआप वाटणी करतो. मी ब्रह्मनाळच्या शेजारचा असल्यामुळं असेल, मला ती किल्ली खिशात टाकणं लय आवडलं. सुट्टीच्या गर्दीत दुसऱ्या काही बोटी आकड्याच्या वर भरून जाताना पण बघितल्या, ते पण लिहून ठेवतो, सगळंच गोडगोड नाही.

बोट का उलटते ते मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं. नुसत्या वजनानं उलटत नाही, वजन हललं की उलटते. मोर दिसला नाहीतर गवा दिसला की सगळे एका बाजूला उठतात, मोबाइल वर, झाली बोट कलती. त्यात तळात पाणी साठलेलं असेल तर ते पण त्याच बाजूला धावतं आणि बोट सरळ व्हायला बघत नाही. म्हणून सकाळी पहिलं काम तळातलं पाणी उपसणं, पंपानं नाहीतर डबड्यानं, कोरडं होईपर्यंत. मी आधी समजायचो हे स्वच्छतेसाठी असतंय. उठले लोक तर ओरडायचं नाही, ओरडलं की अजून उठतात, ड्रायव्हरनं वेग हळूच कमी करायचा आणि हेल्परनं उलट्या बाजूला जाऊन बसायचं आणि शांतपणे म्हणायचं, ताई खाली बसा, बोट वळवून दाखवतो. वळवून दाखवतो म्हणलं की बसतात.

गावची माणसं एकदम वेगळी. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातली माणसं बोटीत बसतात ती न सांगता बरोबर जागेवर, मांडीवर पोतं, कोंबडी पिशवीत, बोलणं चालू. त्यांना बोट म्हणजे आपली एसटी. आजारी माणूस असला की सगळे नंबर बाजूला, जी बोट तयार असेल ती जाते आणि पैशाचं कुणी बोलत नाही, हे पण शिकवल्याशिवाय शिकलो. जमलं तर तापोळ्याला एक दिवस घालवा आणि गाड्या पलीकडं नेणारा तराफा बघत बसा. जीप चढताना तराफ्याचं टोक किती दबतं, दुसरी गाडी कुठं लावली की सरळ होतो, पाणी हललं की चाकाला दगड कसा लावतात, एका दिवसात जे दिसतं ते मला पुस्तकातनं कधी समजलं नसतं.

वासोट्याचे ग्रुप म्हणजे डोकेदुखी. बामणोलीतनं बोटीनं तास-दीड तास, मेट इंदवलीला उतरायचं, वनखात्याची परवानगी, तिथं प्लॅस्टिकची मोजणी, कोयना अभयारण्य आणि वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्यामुळं संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर यायचंच. आणि दर शनिवारी-रविवारी एखादा ग्रुप उशिरा येणारच, कुणाचा पाय मुरगळला, कुणी नागेश्वरच्या गुहेला गेलंय. हेल्पर काठावर थांबून नावं मोजत बसतो. जाताना मोजलेली माणसं आणि येताना मोजलेली माणसं जुळल्याशिवाय दोर सोडायचा नाही. अंधार पडायला लागला तरी नाही.

इंजिनाचं शिकवणं एक नंबर. तिथं दोन्ही प्रकार होते, मोठ्या बोटीत आतलं डिझेल इंजिन आणि लहान बोटीला मागं लावायची पेट्रोल मोटर, तिला ओबीएम म्हणतात. ओबीएम सुरू झाली की मागनं पाण्याची बारीक धार पडते का बघायची, धार नसेल तर लगेच बंद, म्हणजे थंड करणारं पाणी फिरत नाही, गाळ नाहीतर प्लॅस्टिक अडकलंय. लाल वळ्यावळ्याची दोरी असते ती ड्रायव्हरच्या मनगटाला नाहीतर जॅकेटाला लावायची, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद, नाहीतर रिकामी बोट गोल गोल फिरत पडलेल्याच्याच अंगावर येते. आमच्या गावात ती दोरी मोटरलाच कायमची गुंडाळून ठेवली होती, हरवू नये म्हणून! आतल्या इंजिनाला पंख्याचा दांडा जिथं बाहेर जातो तिथं पॅकिंग असतं, त्यातनं चालू असताना थेंब थेंब पाणी यायला हवं, अजिबात येत नसेल तर जास्त आवळलंय आणि दांडा तापतोय, धार लागली तर सैल झालंय. टू-स्ट्रोक मोटरमधी ऑइल किती घालायचं ते मोटरच्या पुस्तकात बघायचं, बऱ्याच मोटरींना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असतं, पण गावाकडच्या सवयीनं "जरा जास्त टाक, चांगलं असतं" हे चालत नाही, प्लग काळा होतो आणि ऐन वेळी सुरूच होत नाही.

स्टेअरिंग मिळालं ते शेवटच्या टप्प्यात आणि तेव्हा कळलं आधी का देत नव्हते. बोटीला ब्रेक नाही. मागं घेताना मागचं टोक सरळ येत नाही, पंखा ज्या बाजूला फिरतो त्याप्रमाणं एका अंगाला सरकतं, आमच्या मोठ्या बोटीचं डावीला जायचं, मग तात्या काठाला लावताना मुद्दाम डावी बाजू काठाकडं ठेवायचे आणि शेवटी जरासा रिव्हर्स मारला की मागचं टोक आपोआप काठाला चिकटायचं. बघताना जादू वाटायची. दुपारनंतर दरीतनं वारा सुटतो, सकाळी काचेसारखं पाणी असतं ते चारला खवळलेलं असतं, तेव्हा वाऱ्याकडं तोंड करूनच काठाला यायचं, वारा पाठीवर घेऊन आलात तर थांबत नाही. समोरनं बोट आली तर दोघांनी आपापल्या उजवीला वळायचं, वाट ओलांडताना उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्त्यावर डावीकडनं चालवणाऱ्या आपल्या डोक्याला हे लवकर बसत नाही. हॉर्न एकदा म्हणजे मी उजवीला वळतोय, दोनदा म्हणजे डावीला, तीनदा म्हणजे मागं घेतोय. हे समुद्रावरचे नियम आहेत, जलाशयात सगळे पाळतात असं नाही, एक दोन ड्रायव्हर तर हॉर्न फक्त ओळखीचा माणूस दिसला की वाजवतात.

माणूस पाण्यात पडल्याचा सराव पण करून घेतला, रिकामा कॅन टाकून. एकानं हात लांब करून त्याच्याकडं बोट दाखवत राहायचं, नजर काढायची नाही, दुसऱ्यानं रिंग टाकायची, ड्रायव्हरनं वळून हळू यायचं आणि जवळ आल्यावर न्यूट्रल. कॅन उचलणं सोपं आहे. मग तात्यांनी मला टाकलं आणि दुसऱ्या पोराला उचलायला लावलं, भिजलेला माणूस वर घेणं किती अवघड आहे ते तेव्हा दोघांना कळलं, तो दोराचा फास नसता तर मी अजून तिथंच असतो.

आता तक्रारी. पैसे म्हणजे हातखर्च, टिप मिळाली तर वरकड, गर्दी नसेल त्या आठवड्यात काहीच नाही. झोपायला तिकिटाच्या खोलीत सतरंजी. जेवण झकास, नाचणीची भाकरी आणि ताजा मासा, त्याबद्दल एक शब्द नाही, शाकाहारी असाल तर मात्र पिठलं एके पिठलं. मोबाइलला रेंज येते-जाते आणि पाण्यावर बऱ्याच पट्ट्यात येतच नाही, वायरलेस सेट नाही, बंद पडलेल्या बोटीनं दुसरी बोट दिसायची वाट बघायची, हे मला पटलं नाही. आग विझवायचा सिलिंडर होता पण तो वापरायचा कसा ते कुणी दाखवलं नाही, मी स्वतः त्यावरचं वाचलं. प्रथमोपचाराची पेटी होती, आत बँडेज आणि कुणाची तरी तंबाखू. काही जॅकेटं उन्हानं पांढरी पडलेली, बकल तुटून सुतळी बांधलेली, लहान मुलांच्या मापाची कमी, आणि लहान पोराला मोठं जॅकेट घालणं म्हणजे पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोरगं खाली. हे मी बोललो, ऐकून घेतलं, नवीन काही आली पण, सगळी नाही. मेढ्याची एक मुलगी शिकायला विचारायला आली होती, पोहायला पट्टीची, तिला "राहायची सोय नाही" म्हणून परत पाठवली. घर जवळ आहे म्हणाली ती, रोज जाऊन-येऊन करीन म्हणाली, तरी नाही.

आणि कागद. इथं शून्य का दिला ते सांगतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, त्यात बोटीची नोंदणी, तपासणी आणि चालवणाऱ्याकडं पात्रतेचा दाखला हे सगळं आहे, महाराष्ट्रात हे मेरीटाइम बोर्डाकडं येतं. सारंग (म्हणजे बोट चालवणारा) किंवा इंजिन ड्रायव्हरच्या परीक्षेला बसायचं तर बोटीवर काम केल्याचा पुरावा लागतो. मी दाखला मागितला तर "अरे सगळे वळखतात की तुला" असं उत्तर. सगळे वळखतात ते बामणोलीत! तुम्ही गेलात तर पहिल्याच आठवड्यात बोला, कुठल्या तारखेपासनं, कुठल्या नंबरच्या बोटीवर, काय काम केलं, ड्रायव्हरची सही, एवढं एका वहीत रोज लिहून सही घेत चला. मी माझी वही शेवटी सही करून घेतली, तात्यांनी केली, पण मालकाचा शिक्का मिळाला नाही.

ज्यांना यातनं पुढं जहाजावर जायचंय त्यांच्यासाठी, कारण सातारा-सांगलीतली बरीच पोरं त्यासाठी एजंटाच्या नादाला लागतात. बॅकवॉटरचा अनुभव मर्चंट नेव्हीत थेट चालत नाही. तिथं दहावीनंतर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (साध्या खलाशाचा) कोर्स असतो, आग, जीव वाचवणं, प्रथमोपचार वगैरे बेसिक कोर्स करावे लागतात, आणि सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक निघतं. मान्यता असलेल्या संस्थांची आणि भरती करणाऱ्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) साइटवर आहे, यादीत नाव नसेल तर तो कितीही गोड बोलू दे, दार बंद करा. "कोर्स न करता डायरेक्ट सीडीसी काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे दिलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, पैसे पण गेले आणि वर्ष पण.

पुरासाठी म्हणून शिकायला जाणाऱ्यांना एक इशारा, हा मला तिथं कुणी दिला नव्हता. उभ्या पाण्यात शिकलेलं वाहत्या पाण्यात निम्मंच चालतं. कृष्णेच्या पुरात काठ गाठायचा तर तोंड प्रवाहाच्या वर तिरकं धरून सरकत यायचं, सरळ समोर धरलं तर तुम्ही गावाच्या खालच्या अंगाला कुठंतरी निघता. आणि पाण्याखाली झाडाचे बुंधे नसतात, ऊस असतो, ठिबकच्या नळ्या, विहिरीचे कठडे, तारेचं कुंपण, डोक्यावर विजेच्या तारा. उसाचं पाचट आणि ठिबकची नळी पंख्यात गुंतली की मोटर गप्प, म्हणून मी आता बोटीत कोयता आणि दोन लांब बांबू ठेवायला लावलेत, मोटर वर घेऊन बांबूनं ढकलत जायचं. वजन, दोर, तळातलं पाणी, मोजणी, लाल दोरी, हे मात्र शंभर टक्के कामाला आलं.

गावची मोटर परत आल्यावर खोलली तर टाकीत मागच्या सालचं पेट्रोल, कार्बोरेटरमधी डिंकासारखा चिकटा. साफ केली, आता वापर झाला की पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो म्हणजे आत काही उरत नाही, आणि उन्हाळ्यात पण अधनंमधनं बोट नदीत घालतो. ग्रामपंचायतीला पेट्रोलचं बिल मंजूर करायला लावणं हे बोट चालवण्यापेक्षा अवघड काम आहे, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहावा लागंल.

जायचं असेल तर साताऱ्यातनं कासमार्गे या, फुलांच्या सीझनमधी शनिवार-रविवार टाळा, कासच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही संध्याकाळी पोचाल, तोवर विचारायला कुणी नसतं. सकाळी लवकर या, पहिल्या बोटी सुटायच्या आधी. दोन जोडी कपडे, उन्हाची टोपी, पट्ट्याच्या चपला (पाण्यात बूट नको), वही, पेन, टॉर्च. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, तिथं कुणी शिकवत बसणार नाही. आणि फेब्रुवारीच्या शेवटाला गेलात तर सगळ्यात बरं, थोडी गर्दी पण मिळंल, टिप पण मिळंल, आणि पाणी उतरायला लागलेलं असंल.